जिन्याच्या काळ्या दांड्या

त्याला सगळे गुडघेमास्तर म्हणायचे. जिन्यांवर गालिचे बसवायचा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात माणसाचं निम्मं आयुष्य गुडघ्यांवर जातं. पँट नवी असो की जुनी, गुडघ्यावर ती आधी पांढुरकी व्हायची आणि मग विरायची. म्हणून तो गुडघ्यांना चामड्याच्या छोट्या गाद्या बांधायचा. तरुणपणी त्या बांधून पहिल्यांदा रस्त्याने निघाला तेव्हा मित्र म्हणाले, "गुडघ्याला बाशिंग बांधतात असं नुसतं ऐकलं होतं, आज बघायला मिळालं." कुणी त्याला अक्कल शिकवायला आलं, की तो आपणहूनच सांगून मोकळा व्हायचा, "माझी अक्कल गुडघ्यातच आहे हो. पायरी कुठे झुकलीय ते आधी त्यांना कळतं, मग मला."

बायको घरीच खिडकीपाशी मोठं मशीन टाकून गालिच्यांच्या कडा शिवायची. गालिच्याची कड शिवणारी ही बाई नवऱ्याची कड मात्र फारशी घ्यायची नाही. "चांगलं झालंय" एवढे दोन शब्द तिच्या तोंडून काढायचे म्हणजे दगडातून तेल काढण्यासारखं. मास्तरला त्याची सवय होती. पण सवय असली तरी भूक राहतेच. गिऱ्हाइकाने कौतुक केलं की तो लहान मुलासारखा फुलायचा, आणि घरी येऊन ते कौतुक शब्दन्‌शब्द सांगायचा. बायको मशीन न थांबवता ऐकायची.

मेट्रनबाईंचं काम त्याच्याकडे आलं ते असंच, कुणीतरी केलेल्या कौतुकामुळे. या बाई मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डाच्या मेट्रन होत्या. नोकरी संपली होती, आवाज निवृत्त झाला नव्हता. गल्लीतल्या एका अरुंद दुमजली घरात त्या आणि त्यांची सून, अशा दोघीच राहायच्या. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होता, सुट्टीला तेवढा यायचा. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर चष्मा ठेवून बघायचा, काड्या वाकवायच्या, पुन्हा बघायचं, असं दिवसभराचं काम. घरात ती इतकी हळू बोलायची, की नळ चालू असला तर ऐकू यायचं नाही.

दार उघडलं की समोरच जिना. लाकडाच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. त्यांच्यावर घालायचा गालिच्याचा पट्टा मेट्रनबाईंनी आधीच पसंत केला होता, गडद लाल, कडेला सायीच्या रंगाची बारीक पट्टी. राहिल्या होत्या त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्या. प्रत्येक पायरी जिथे मागच्या उभ्या फळीला भेटते, तिथे खाचेत गालिच्यावरून आडवी बसते ती दांडी. तिची दोन टोकं दोन ब्रॅकेटमध्ये अडकवायची आणि ब्रॅकेट स्क्रूने लाकडात पक्के करायचे.

मास्तर नमुन्यांची फळी घेऊन आला आणि त्याने ती खालच्या पायरीवर उभी केली. गोल पितळी दांडी, पीळ घातलेली पितळी दांडी, चंदेरी, आणि एक बारीक काळी. टोकाला लावायची बोंडंही तऱ्हेतऱ्हेची.

"या पितळी," मेट्रनबाई लगेच म्हणाल्या. "कळीच्या बोंडांच्या. दारात आलेल्या माणसाचे डोळे दिपले पाहिजेत."

"छानच दिसतील," मास्तर म्हणाला. "फक्त वरचेवर घासाव्या लागतील."

"घासू की."

कोण घासणार हे तिघांनाही ठाऊक होतं. सून खाली वाकून काळ्या दांडीवर बोट फिरवत होती. मास्तरने सहज विचारलं, "ताई, तुम्हाला कुठल्या आवडल्या?"

सुनेने आधी सासूकडे बघितलं. मग म्हणाली, "या काळ्या. लाल रंगावर एक बारीक रेघ दिसेल नुसती. चष्म्याच्या फ्रेमसारखी. असावी, पण मिरवू नये."

त्या घरातले पडदे, भांडी, चादरी, अगदी मुलाचे शर्टसुद्धा मेट्रनबाईंच्या पसंतीचे. त्या काही क्षण फळीकडे बघत राहिल्या. मास्तरला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही.

"काळ्या तर काळ्या," त्या म्हणाल्या. "जिन्याची ये-जा तिचीच जास्त. होऊ दे एकदा तिच्या मनासारखं."

सुनेचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ती घाईघाईने आत पाणी आणायला गेली आणि पाणी न आणताच परत आली.

"एक विचारायचं होतं," मास्तर म्हणाला. "हल्ली बहुतेक जण गालिचा खालून खिळ्यांच्या पट्टीवर पक्का करून घेतात. दांड्या वरून नुसत्या शोभेला. तसं करू?"

"नको. मला तो काढून उन्हात टाकता आला पाहिजे. वॉर्डात मी उन्हं न लागलेली चादर कधी पेशंटखाली घालू दिली नाही."

"मग सगळा भार दांड्यांवर येईल."

"येऊ दे. नुसतं शोभेचं मला माणूसही चालत नाही."

कामाच्या दिवशी मास्तर सकाळीच आला. खडूच्या दोऱ्याने जिन्याचा मध्य काढला, फेल्टचं जाड अस्तर अंथरलं आणि त्यावर गालिचा वरून खाली सोडत आला. प्रत्येक पायरीला तो गुडघ्याने रेटून ताणायचा, खाचेत दाबायचा, दांडी ठेवून दोन्ही बाजूंचं अंतर बघायचा, खुणा करायचा, आधी बारीक भोक पाडून मग स्क्रू पिळायचा. लाकूड जुनं होतं पण घट्ट होतं. स्क्रू शेवटच्या वेढ्यांना कुरकुरायचा, आणि ती कुरकुर ऐकली की मास्तरचं मन निवायचं.

वरच्या अंगाच्या एका पायरीवर डावीकडचा स्क्रू कुरकुरला नाही. तो नुसता फिरतच राहिला. मास्तरने काढून बघितलं, तर टोकाला पांढरी भुकटी. कधीकाळी तिथलं लाकूड किडलं असणार, आणि कुणीतरी पुट्टी भरून वरून रंग दिला होता. पुट्टीत स्क्रू धरत नाही. उपाय त्याला तोंडपाठ होता. पुट्टी कोरून काढायची, लाकडाची खुंटी सरस लावून ठोकायची, ती वाळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्या खुंटीत स्क्रू घालायचा. म्हणजे आज ही एक दांडी बसवता येणार नव्हती. त्याने ठरवलं, खालच्या उरकून घेऊ आणि जाताना सांगू.

खालची शेवटची दांडी बसत होती तेव्हाच मेट्रनबाईंनी शेजारच्या बायकांना बोलावून आणलं. दारात घोळका उभा राहिला. लाल गालिचा पाण्यासारखा वरून खाली उतरला होता आणि त्यावर काळ्या रेघा, एकीला एक समांतर.

"मास्तर, तुम्ही हात नाही लावलात, जादू केलीत," एक शेजारीण म्हणाली.

"माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं माणसं होती," मेट्रनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पण काम अर्धवट न टाकणारा माणूस मला फार कमी वेळा भेटला. हा त्यातला एक."

दुसरी शेजारीण म्हणाली, "आणि दांड्यांची निवड कुणाची?"

"सुनेची," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि सून लाजून भिंतीला टेकली.

मास्तर उभा होता. वरच्या पायरीवरची दांडी एका टोकाला नुसती टेकवून ठेवलेली होती, खालून कुणाला दिसण्यासारखी नव्हती. आता तोंड उघडून 'एक राहिलंय' म्हणायचं होतं. चार शब्दांचंही काम नव्हतं. पण त्या सगळ्या चेहऱ्यांसमोर, आत्ताच ऐकलेल्या त्या वाक्यानंतर, त्याच्या तोंडून ते निघेना. चहा आला. तो प्यायला. मग हत्यारं गोळा करण्याच्या निमित्ताने वर गेला, खिशातल्या काड्यापेटीतल्या दोन काड्या मोडून त्या भोकात खुपसल्या आणि त्यांच्यावर स्क्रू पिळला. स्क्रू घट्ट बसल्यासारखा वाटला. बोटाने दाबून बघितलं, दांडी हलली नाही. उद्या येऊन नीट करू, त्याने स्वतःला सांगितलं. काहीतरी विसरलो म्हणून येता येईल.

घरी येऊन त्याने बायकोला मेट्रनबाईंचं वाक्य सांगितलं. त्या दिवशी सांगताना मजा आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरं काम होतं. तिसऱ्या दिवशी जाणं अवघड वाटलं, कारण आता का आलो ते सांगावं लागलं असतं. मग तर जितका उशीर होत गेला तितकं निमित्त सापडेना. त्या गल्लीवरून जायचा त्याचा नेहमीचा रस्ता होता, तो त्याने बदलला. काड्यांवर स्क्रू वर्षानुवर्षं टिकलेले आपण बघितलेत, असंही त्याने स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण ते खुर्चीचे स्क्रू होते.

बातमी बायकोनेच आणली. मेट्रनबाई जिन्यावरून पडल्या. घड्या घातलेल्या चादरी घेऊन खाली येत होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं.

"पाय घसरला म्हणे," बायको म्हणाली.

मास्तरच्या हातात मापाची पट्टी होती. ती त्याने पुन्हा गालिच्यावर ठेवली आणि मोजलेलंच माप परत मोजलं. म्हातारं माणूस, हातात ओझं, पडायला काय लागतं, असं तो मनाशी म्हणत होता, आणि एकीकडे त्याला ती पांढरी भुकटी दिसत होती.

बाई घरी आल्यावर काही दिवसांनी सून त्याच्या घरी आली. चेहरा उतरलेला. मशीनपाशीच्या स्टुलावर बसली. मास्तर मापाची पट्टी हातात धरून समोर उभा राहिला.

"मास्तर, त्या काळ्या दांड्या काढायच्यात. पितळी लावा. आई म्हणाल्या होत्या त्याच, कळीच्या."

"का? चांगल्या दिसत होत्या की," मास्तर म्हणाला.

"दिसत होत्या कुठे? तेच तर झालं." ती खाली बघत बोलत होती. "गडद लालवर काळं. आईंना पायरीचा अंदाज आला नसणार. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हातारपणी रंगातला फरक कमी कळतो हे मला ठाऊक आहे. रोज लोकांना सांगते. आणि घरात मला छान दिसतं म्हणून काळ्या निवडल्या. हे फोनवर म्हणाले, एकदा आईने तुझं ऐकलं आणि हे झालं. खरंच आहे ते."

"आणि त्या काय म्हणतात?" बायकोने विचारलं.

"पडल्या त्या दिवशी एकदाच म्हणाल्या, पितळी असत्या तर चकाकल्या असत्या. नंतर काही नाही. मी त्यांना आंघोळ घालते तेव्हा भिंतीकडे बघतात."

मास्तर म्हणाला, "उद्या येतो."

तो गेला तेव्हा पुढच्या खोलीतच मेट्रनबाईंची खाट लावलेली होती. तिथून जिना सरळ दिसायचा. गल्लीला दरारा वाटायचा तो देह चादरीखाली अगदीच एवढासा दिसत होता. त्यांनी मान हलवली, त्याने नमस्कार केला आणि तो वर गेला.

त्याला जे बघायचं नव्हतं तेच तिथे होतं. डावा ब्रॅकेट सुटून लोंबत होता. दांडीचं टोक खाचेतून बाहेर आलं होतं आणि गालिचा त्या पायरीवर सैल पडून पुढे सरकला होता. भोकाच्या तोंडाशी मोडलेली काडी. रंगाचा काही संबंध नव्हता. पितळी असती, सोन्याची असती, तरी ती दांडी सुटलीच असती.

"काही मोडलंय का हो?" खालून सुनेने विचारलं. "पडताना त्यांचा पाय अडकला असेल त्यात."

त्याला आयतं उत्तर मिळालं. "असेल," तो म्हणाला. काडी त्याने नखाने काढून खिशात टाकली. मग एकेक करून सगळ्या दांड्या उतरवल्या, गालिचा गुंडाळून बाजूला ठेवला आणि पितळी दांड्या मागवतो असं सांगून बाहेर पडला. आधी झालं ते आळसाने झालं, भिडेने झालं, असं तरी म्हणता येत होतं. आत्ता केलं ते जाणूनबुजून.

घरी पोचल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं.

मग म्हणाली, "कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या गावभर झालं की मास्तरच्या जिन्यावरून बाई पडली, तर दारात कोण उभं करील आपल्याला? पितळी नीट लावा, त्या पायरीत खुंटी ठोका आणि विषय संपवा."

मास्तरला हायसं वाटलं. इतक्या वर्षांत बायकोने त्याची अशी कड घेतली नव्हती. ते हायसं वाटणं एक दिवस टिकलं. तो कामावर जायचा, गुडघे टेकायचा, आणि स्क्रू कुरकुरला की मन निवायच्या ऐवजी त्याला भिंतीकडे वळलेला तो चेहरा आठवायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला. बायकोने ताट वाढलं आणि स्वतःचं वाढून घेतलं नाही.

"तू?"

"मला नकोय." ती उंबऱ्याशी उभी राहिली. "मीच म्हणाले गप्प बसा. पण ती पोर या स्टुलावर बसून बोलली ना, तेव्हापासून मला घास जात नाही. मूठ तुम्ही झाकलीत, पण तिच्यात मान त्या पोरीची आहे."

मास्तरने पुढ्यातलं ताट सरकवलं. हात धुतले आणि चपला घातल्या.

"जेवून जा," बायको म्हणाली. पण तिने अडवलं नाही.

सुनेची दुकानातून जेवायला घरी यायची वेळ होती. ती सासूला औषध देत होती. मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. "बसा," मेट्रनबाई म्हणाल्या. तो बसला नाही.

"दांड्यांच्या रंगाने काही झालेलं नाही," तो म्हणाला. "त्या पायरीत लाकूड नव्हतं, पुट्टी होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी काड्या कोंबून स्क्रू बसवला आणि गेलो. परवा आलो तेव्हा काडी तिथेच होती. ती मी काढून खिशात घातली. ताईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

सुनेने औषधाची बाटली खाली ठेवली.

"त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक करत होतात."

"म्हणून?"

"म्हणून."

त्यांनी डोळे मिटले. मास्तरला वाटलं होतं, त्या वॉर्डातल्यासारख्या कडाडतील. त्याची तयारी करूनच तो आला होता. पण बोलली ती सून, आणि तिचा आवाज नेहमीसारखा हळू नव्हता.

"तुमच्या घरी येऊन मी काय काय बोलले. तुम्ही समोर उभे होतात. पट्टी हातात धरून ऐकत होतात." औषधाचा चमचा तिने बशीत ठेवला. "मी रोज त्यांचे पाय पुसताना मनात माफी मागत होते. ती तुम्ही मागायची होती. जा तुम्ही. आम्ही दुसरा माणूस बघू."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला आणि निघाला. दारातून बाहेर पडता पडता मेट्रनबाईंचा आवाज त्याच्या कानावर आला. त्या सुनेशी बोलत होत्या. "मी त्या दांड्यांना नावं ठेवली. ठेवायला नको होती. तू इकडे बस जरा." पुढचं ऐकायला तो थांबला नाही. तो त्याचा हक्क नव्हता.

गोष्ट लपली नाही. त्याने लपवलीही नाही. काही ठरलेली कामं मोडली, काही लोक रस्त्यात भेटल्यावर दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. काही जण उलट म्हणाले, आजकाल कोण कबूल करतं, माणूस प्रामाणिक आहे. ते ऐकलं की मास्तर अस्वस्थ व्हायचा. "पडल्यावर सांगितलं मी, आधी नाही," एवढंच म्हणायचा.

कितीतरी दिवसांनी मेट्रनबाईंचा निरोप आला. दुसरा माणूस बघितला होता, पण त्याला तो लाल पट्टा खाली खिळ्यांनी ठोकायचा होता, आणि बाईंना ऊन हवंच होतं. निरोपात एवढंच होतं, की दांड्या त्याच काळ्या लावायच्या, आणि ज्याने सोडल्या त्यानेच लावायच्या.

मास्तर गेला. मेट्रनबाई चाकांचा वॉकर पुढ्यात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्याने ती पुट्टी भोक रिकामं होईपर्यंत कोरली, खुंटी ठोकली आणि म्हणाला, "ही आज वाळू द्यायची. गालिचा उद्या." "उद्या," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याने सगळा जिना पुन्हा बसवला. संपल्यावर सून खालून वर चढत गेली. प्रत्येक पायरीवर वाकून तिने दांडी दोन्ही हातांनी धरली आणि अंगातल्या सगळ्या जोराने ओढून बघितली. मास्तर खाली उभा राहून बघत होता. वर पोचल्यावर ती म्हणाली, "ठीक आहे," आणि आत निघून गेली. त्यानंतर ती रस्त्यात भेटली तर मान हलवायची, पण थांबायची नाही. त्याने कधी थांबवलंही नाही.

एके दिवशी बायको बाजारातून आली आणि पिशवी खाली ठेवत म्हणाली, "मेट्रनबाई काल जिना चढल्या म्हणे. सुनेच्या हाताला धरून. वर आपल्या खोलीत झोपल्या रात्री."

मास्तर गालिचा कापायला बसला होता. त्याची कात्री थांबली.

"आणि आज उतरल्या?"

"उतरल्या. मला भाजीच्या दुकानापाशीच भेटल्या."

मग त्याने कात्री पुन्हा गालिच्याला लावली.